आई आलं

सोलापूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू शिकवतेस त्या वर्गातली गंमत सांगितलीस. नवा मुलगा 'आई आलं' म्हणाला आणि सगळा वर्ग हसला, तूही हसलीस. मीसुद्धा हसले. फोन ठेवल्यावर मात्र घास गिळेना.

मी पूर्व भागातल्या शाळेत लागले तेव्हा वर्गातली निम्मीअधिक पोरं पद्मशाली विणकरांच्या घरची. घरात तेलुगू, गल्लीत कानडी नि दखनी, शाळेत मराठी. एक मुलगी अशीच 'आई आलं' म्हणाली. मी हसले म्हणून पोरं हसली, आणि मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव 'आलं-लसूण' पडलं. वर्ष सरलं तरी ती वर्गात बोलली नाही. प्रगतिपुस्तकात मी शेरा मारला, 'अबोल आहे.'

पुढे एका तेलुगू बाईंनी मला समजावलं. 'अम्मा वच्चिंदी', 'कुक्का वच्चिंदी': आई येवो की कुत्रं, एकवचनात क्रियापद एकच. धाकटा भाऊ आला तर 'तम्मुडु वच्चाडु', तिथं बदलतं. म्हणजे पोरगी नेमानंच बोलत होती, नेम तेवढा तिच्या घरचा होता.

त्याच वर्गात एका साहेबांची मुलगी होती. गोरीपान, घरी मराठी नव्हती. ती 'माझा आई आला' म्हणायची. तिला आम्ही स्टाफरूममध्ये बोलावून ते पुन्हा म्हणायला लावायचो, गोड वाटतं म्हणून! विणकराच्या सावळ्या पोरीची तेवढी चूक.

अमेरिकेतल्या काळ्या मुलांबद्दल तर १९६०च्या दशकात शिकलेली माणसंच म्हणत, यांना धड भाषाच नाही. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या हार्लेममधला एक आठ वर्षांचा मुलगा सांगितलाय. प्रश्न विचारले की एका शब्दात उत्तर, नाहीतर गप्प. विचारणारा हार्लेममधलाच, काळाच माणूस, तरीही. मग तोच माणूस बटाट्याचे वेफर्स घेऊन आला, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत आणलं आणि जमिनीवर बसला. मुलगा बोलायचा थांबेना. पुढे १९७९ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या खटल्यात न्यायाधीशांनी शाळेलाच सांगितलं, मुलांची घरची बोली शिक्षकांना समजावून द्या आणि ती ध्यानात घेऊन वाचायला शिकवा. मुलं चुकतात, हे सांगायला कोर्ट लागत नाही. शाळा चुकते, हे सांगायला लागलं.

पुण्यात पहिल्या वर्षी 'काय करायलीस' म्हणालीस म्हणून मैत्रिणींनी तुझी नक्कल केली होती. रात्री अकराला रडत फोन केला होतास. नंतर तू ते बोलणं सोडलंस, आता माझ्याशीही तसं बोलत नाहीस.

'आलं'चं 'आली' शिकव, जरूर शिकव. पण त्याच्या गल्लीतलं कुणी वर्गात असेल तर आधी शेजारी बसव. आणि त्या मुलाचं नाव काय गं? फोनवर तू सारखी 'तो आलंवाला' म्हणत होतीस.

शेंगा चटणीचा डबा शनिवारच्या गाडीनं पाठवते.

तुझी,
आई