ती. आई-बाबांना

सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आईने "बरं बरं" म्हणत फोन बाबांच्या हातात दिला असता, म्हणून पत्र. दादा, बाबांना वाचून दाखवशील ते त्यांच्या गोळ्या घेऊन झाल्यावर.

मी इथे बुडापेस्टमध्येच पियानो शिकवण्याची कायमची नोकरी घेतली आहे. सही झाली. म्हणजे पुढच्या वर्षी परत यायचं ठरलं होतं, ते आता नाही. आडून सांगितलं की बाबांना लगेच कळतं, म्हणून सरळच लिहिलं.

कार्यक्रम सोडले नाहीत, कमी केलेत. तुम्हाला फोटोत साडी आणि फुलं दिसतात. सतारवाला आपली सतार बरोबर नेतो. आमचा नऊ फुटी पियानो जवळजवळ अर्ध्या टनाचा, त्यामुळे जाऊ तिथला वाजवायचा. दुपारी थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात कुठली पट्टी जड आहे, पेडल कुठे धरतं हे ओळखायचं आणि रात्री सगळं पाठ वाजवायचं. ही पाठ वाजवायची रीत एकोणिसाव्या शतकात क्लारा शूमान आणि लिस्ट या पियानोवादकांनी पाडली, भोगतोय आम्ही. त्यात ताप आला, कार्यक्रम रद्द झाला, की पैसे नाहीत.

आई, माझ्या हाताला काहीही झालेलं नाही, आधीच सांगते. पण अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर ऐन भरात होता आणि 1964 च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळायला लागली. पुढे कित्येक वर्षं त्याने फक्त डाव्या हाताच्या रचना वाजवल्या. असलं काही वाचलं की महिन्याच्या महिन्याला येणारा पगार बरा वाटतो. बाबा म्हणतील, रुबिनस्टाइन 89 व्या वर्षी वाजवत होता. हो, पण तो रुबिनस्टाइन! लिस्टने 1847 मध्येच, पस्तिशीत, पैसे घेऊन कार्यक्रम करणं थांबवलं आणि पुढे शिकवत राहिला, तेही फुकट. मी फुकट शिकवणार नाही, काळजी नको.

कोल्हापुरात कोण ऐकणार, असं मी कधीच म्हणणार नाही. देवल क्लबवाले तुमचे मित्र शूबर्टलाही "क्या बात है" म्हणाले होते. केशवराव भोसले नाट्यगृहात मी वाजवावं ही तुमची इच्छा मला ठाऊक आहे. 2024 ला ते जळालं त्या रात्री तुम्ही फोनवर बोललाच नाहीत. तिथे वाजवायला मी येईनच. पण रोजचं काम तिकडे नाही, आणि आपली हवा पियानोला मानवत नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? पावसाळ्यात पट्ट्या फुगून दाबल्या की वर यायच्या नाहीत, म्हणून बाबा आत साठचा बल्ब लावून ठेवायचे आणि आग लागेल म्हणून आई रात्री उठून तो बंद करायची. सकाळी मी सा पासून नी पर्यंत एकेक पट्टी दाबून बघायची, आणि बाबा दाढीचा फेस तसाच ठेवून शेजारी उभे. 2019 ला गल्लीत पाणी शिरलं तेव्हा तालमीची पोरं बोलावून आधी पियानो उचललात, आईचे दागिने नंतर. वहिनी अजून सांगते.

माझं इथे छान चाललंय. घर गरम असतं, ट्राम दाराशी, तांदूळ मिळतो. लाल तिखटाचं वेड इथल्या लोकांनाही आहे, पण आपल्या चटणीपुढे ते गोडच. जुलै-ऑगस्टमध्ये कार्यक्रमांचा हंगाम नसतो, तेव्हा दरवर्षी मोठी सुट्टी काढून येईन. गणपती लवकर आले तर तेही मिळतील.

आता ऐका. बाबांनी गंगावेशीतलं दूध कट्ट्यावर उभं राहून प्यायचं नाही, घरी आणून उकळायचं. रविवारी तांबडा एकच वाटी, आणि रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. रंकाळ्यावर उजाडल्यावर जा. आई, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचे पैसे दादाकडे पाठवलेत, ते मुदत ठेवीत टाकू नकोस. आणि माळ्यावर चढायचं नाही, काही काढायचं असेल तर वहिनीला सांग. तिच्यावर सगळं पडतं हे मला कळतं, तिला वेगळं लिहिते आहे.

रागावला असाल तर रागवा, पण रविवारचा फोन उचला.

तुमची
चिमी

ता. क. आई, चटणीचा डबा दोन पिशव्यांत बांध. मागच्या वेळी कार्यक्रमाच्या साडीला लसणाचा वास लागला होता.