गोळीला रजिस्टर, बाटलीला नुसता स्कॅनर

संपादक साहेब, स.न.वि.वि.

नाशिकमध्ये माझं मेडिकल आहे आणि दोन गाळे सोडून वाईन शॉप आहे. माझ्याकडे कोणी अल्प्राझोलमची, म्हणजे घबराट कमी करायच्या गोळ्यांची स्ट्रिप मागितली तर मला आधी डॉक्टरची चिठ्ठी बघावी लागते, मग एच-१ च्या, म्हणजे सरकारने जास्त नजर ठेवलेल्या औषधांच्या यादीच्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध कोणतं, किती दिलं, सगळं लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. २०१४ पासून हे चालू आहे. कटकट आहेच, गर्दीच्या वेळी तर डोकं उठतं, पण करतो, कारण ड्रग इन्स्पेक्टर आला आणि रजिस्टर कोरं दिसलं तर गोष्ट लायसन्सवर येते. आणि त्याच वेळी दोन गाळे सोडून क्लास सुटलेली पोरं, पाठीवरची सॅक अजून तशीच, बिअरचे टिन घेऊन गाडीवर तिघं बसून निघून जातात आणि त्यांना कोणी "वय काय रे तुझं" एवढंही विचारत नाही.

आधीच सांगतो, मी दारूबंदीवाला नाही. रविवारी एखादा पेग मीही घेतो. नाशकात राहून वाईनला नावं ठेवायची म्हणजे कसं व्हायचं, निफाड-दिंडोरीची कितीतरी घरं द्राक्षावर चालतात आणि गंगापूर धरणाकडच्या वायनरींवर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते. माझं म्हणणं एवढंच की जो कायदा आहे तो काउंटरवर दिसू दे.

कायदा आपल्याकडे चांगला कडक आहे बरं का. दारूबंदी कायदा १९४९ चा, त्याखाली दारू प्यायला परमिट लागतं, वाईन आणि बिअरला वय २१ पाहिजे, हार्ड लिकरला २५. गोव्यात १८ ला मिळते, म्हणजे आपण किती पुढे बघा! पण परमिटचं प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहितीये. एक दिवसाचं परमिट विदेशीला पाच रुपये, देशीला दोन रुपये, त्याचं बुक दुकानातच असतं आणि बऱ्याच ठिकाणी ते नंतर गठ्ठ्याने भरलं जातं, नावं कुठली टाकतात देव जाणे. बाटली घेणाऱ्याने स्वतःचं परमिट कधी डोळ्याने पाहिलेलं नसतं. म्हणजे कागदावर सगळे पंचविशीच्या पुढचे, आणि समोर उभा कोण ते कुणी बघितलेलंच नाही.

बघणार तरी कसं? तुम्ही कधी त्या जाळीसमोर उभे राहा. वीतभर खिडकी, बाहेर दहा जणांची झुंबड, "दादा दोन क्वार्टर, दादा एक खंबा" चालू, आतल्या पोराला दिसतो फक्त हात आणि नोट. आता तर नोट पण नाही, स्कॅनरचा डबा बोलला पैसे आले की बाटली काळ्या पिशवीत, पिशवी हातात, पुढचा. चेहरा बघायची वेळच येत नाही. आणि आतला पोरगा पण पगारी, स्वतःच विशीतला, मालकाने सांगितलेलं असतं गर्दी हटव, तो कशाला कुणाशी वाद घालेल.

माझा भाचा इंग्लंडला शिकायला होता, तो सांगायचा की तिथे वय १८ आहे पण दुकानवाला पंचविशीच्या आतला वाटला की कार्ड मागतो, चॅलेंज ट्वेंटीफाईव्ह म्हणतात त्याला, बोर्डच लावलेला असतो. यात शहाणपणा असा की १७ आणि १९ मधला फरक चेहऱ्यावरून कुणालाच कळत नाही, म्हणून रेघ थोडी लांब ओढायची. आपल्याकडे २५ आहे तर तिशीच्या आतला वाटला की कार्ड माग. माझ्यासारख्या टकल्याला विचारू नका, वेळ वाया जाईल. लायसन्स, आधार, पॅन काहीही चालेल, जन्मतारीख बघायची आणि परत द्यायचं. झेरॉक्स काढायची नाही, नंबर लिहून ठेवायचा नाही, नाहीतर उद्या त्याच झेरॉक्सवर कुणीतरी सिमकार्ड काढेल. आणि व्हॉट्सॲपवरचा फोटो अजिबात चालवायचा नाही, तारीख बदलायला पोरांना दोन मिनिटं लागतात. मोबाईलमध्ये डिजिलॉकर उघडून दाखव म्हणायचं.

लोक म्हणतील पोरं बाहेर एखाद्या रिक्षावाल्याला शंभर रुपये देऊन आणायला लावतील. लावतील की. पण भिंतीला भोक आहे म्हणून दारच काढून टाकायचं का? रांग वाढेल म्हणतात, तर ए सर्टिफिकेटच्या पिक्चरला मल्टिप्लेक्सच्या दारावर पोरांना कार्ड विचारतातच ना, तिथे काय दंगल होत नाही. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दारूची होम डिलिव्हरी सुरू केली तेव्हा परमिटवाल्यालाच मिळणार असं सरकारनेच सांगितलं होतं, म्हणजे मनात आणलं की नियम आठवतो.

पुण्याचं पोर्शे गाडीच्या अपघाताचं प्रकरण आठवत असेल, १९ मे २०२४ ची पहाट, सतरा वर्षांचा मुलगा, बारावीच्या निकालाची पार्टी, आणि दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. आपण सगळे जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर चिडलो, बरोबरच होतं. पण त्या रात्री त्या टेबलावर बाटली ठेवण्याआधी कुणी कार्ड मागितलं असतं तर, हा विषय पंधरा दिवसात मागे पडला. पब सील झाले आणि संपलं. तिथे पब होते, इथे दुकान आहे, पण न विचारणं तेच.

आता विचारायला भाग कुणाला पाडायचं? काउंटरच्या पोराला दंड करून काही होणार नाही, तो सोडून जाईल, दुसरा येईल. मालकाला धरा. वाईन शॉपची नवीन लायसन्स सत्तरच्या दशकापासून जवळपास बंदच आहेत, म्हणून जुन्या लायसन्सला आज कोटींमध्ये भाव आहे. असं लायसन्स आठ दिवस जरी सस्पेंड झालं ना, तरी मालक स्वतः स्टूल टाकून जाळीपाशी बसेल आणि एकेकाचं कार्ड बघेल. आम्ही मेडिकलवाले याच भीतीने रजिस्टर लिहितो, फार काही समाजसेवा म्हणून नाही.

एक्साईजवाल्यांना सुरुवात करायची असेल तर थर्टी फर्स्टपासून करावी. त्या रात्री दुकानांना वेळ वाढवून मिळते. ती सवलत सरसकट देऊ नका, ज्या दुकानाने जाळीची खिडकी चेहरा दिसेल एवढी मोठी केली, "तिशीच्या आत दिसलात तर कार्ड दाखवा" असा बोर्ड लावला आणि कार्ड बघायला एक वेगळा माणूस उभा केला त्यालाच द्या, बाकीच्यांनी रोजच्या वेळेला शटर ओढावं. आणि कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या दुकानांवर तुमचा एकेक माणूस साध्या कपड्यात गिऱ्हाईक म्हणून उभा करा.

आपला,
एक मेडिकलवाला, नाशिक