पंख नकोत, पावलं काढ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं चित्र मिळालं. जाड्या-रड्या, म्हणजे आपले हार्डी आणि लॉरेल, स्वर्गाच्या दारात उभे, दोघांना पंख, पायांखाली ढग आणि दार उघडणाऱ्या देवदूताची हसून हसून मुरकुंडी. रेघ छान सुटली आहे. हार्डीच्या पोटाची गोलाई तू एका दमात ओढली आहेस, मध्ये कुठे पेन अडखळलेलं नाही. ते पाहून मन भरून आलं. पण त्या पंखांबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे आणि ते फोनवर नीट जमलं नसतं.

कुणी लाडका विनोदी नट गेला की त्याच दिवशी आपल्यातले बहुतेक व्यंगचित्रकार कागद पुढे ओढतात. मग तेच ढग, तेच पंख, वर पिकलेला हशा आणि खाली डोळे पुसणारा प्रेक्षक. भावना खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या चित्रातलं डोकं काढून दुसऱ्या कुणाचं बसवलं तरी चित्र तसंच राहतं. ज्याने आयुष्यभर खपून स्वतःची एक चाल, एक नजर, पडण्याची एक तऱ्हा कमावली, त्याला निरोप देताना आपण त्याचं नेमकं तेच काढून घेतो. मला हे खुपतं. म्हणून कुठलीही मानवंदना हातून गेली की मी चेहऱ्यावर अंगठा ठेवून बघतो. उरलेल्या अंगावरून माणूस ओळखू आला, तर ते चित्र त्याचं.

आता तुझ्या जाड्या-रड्याकडे येऊ. त्यांचा कुठलाही प्रसंग लाव आणि आवाज पूर्ण बंद कर. हार्डी किती नाजूक हालतो ते तेव्हा दिसेल. एवढा थोरला देह, पण सगळा कारभार बोटांच्या टोकांवर. लाजला की टायचं टोक चिमटीत धरून हलवतो. फजिती झाली की थेट कॅमेऱ्यात बघतो, जणू आपल्यालाच साक्षीला बोलावतो. आणि लॉरेल? त्याने आपल्या बुटांच्या टाचा काढून टाकल्या होत्या, म्हणून ती चाल तशी फताडी, सपाट पडते. तू त्याला चांगले टाचांचे बूट घातले आहेस. गोष्ट बारीक, पण लॉरेल हातून निसटलाय तो तिथेच. हार्डी १९५७ मध्ये गेला. लॉरेल त्यानंतर १९६५ पर्यंत जगला, पण पुन्हा पडद्यावर आला नाही. एवढं ठाऊक झालं की दोघांमधली रिकामी जागा काढताना हात आपोआप जपून चालतो. जोडीच्या चित्रात ती जागाच महत्त्वाची. हार्डीची नजर आपल्याकडे, लॉरेलची हार्डीकडे. तुझ्या चित्रात दोघंही देवदूताकडे बघताहेत.

मूकपटांतल्या बस्टर कीटनला तू अजून हात घातलेला नाहीस, पण घालशील. तो पडद्यावर हसत नाही म्हणून नवशिके त्याला रडका काढतात. तसं करू नकोस. तो दुःखी नसतो, तो एकाग्र असतो. समोर काय कोसळतंय आणि त्यातून वाट कुठून काढायची, एवढंच त्याच्या डोळ्यांत असतं. १९२८ च्या एका चित्रपटात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर पडते आणि तो उभाच्या उभा वाचतो, कारण उघडी खिडकी नेमकी तो उभा असतो तिथे येते. भिंत खरीखुरी जड होती आणि मोकळी जागा काही इंचांचीच. त्याच्या चपट्या टोपीचीही गंमत ऐक. साध्या फेल्ट हॅट कापून तो त्या स्वतः बनवायचा आणि काठ ताठ राहावा म्हणून साखरेच्या पाण्यात भिजवून वाळवायचा. ती टोपी काढताना काठाची रेघ जरा दाबून, कडक ओढ. डोळ्यांच्या पापण्या मात्र जड. बाकी चेहऱ्याला जवळजवळ काहीच लागत नाही.

हॅरॉल्ड लॉइडच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात ठेव. घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा तो चष्मेवाला तरुण सगळ्यांना माहीत आहे, १९२३ सालचा. पण त्याआधी, १९१९ मध्ये, छायाचित्रं काढताना हातातला खोटा समजलेला बॉम्ब खरा निघाला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. पुढे तो खास बनवलेला हातमोजा घालून काम करायचा, प्रेक्षकांना कळू न देता. म्हणजे घड्याळाला लटकला तो त्या हातानिशी. आपलं काम फुगवून सांगण्याचं. नाक लांबव, चष्मा मोठा कर, केस उभे कर. पण त्या हाताला पेन लागेल तेव्हा जितका आहे तितकाच काढ. त्याने जे झाकलं ते आपण उघडं करायचं नसतं.

आपल्याकडच्या मंडळींचं काढायला बसलीस की तुला अधिक सोपं जाईल आणि अधिक अवघडही. दादा कोंडके सोपे. ढगळ हाफ पँट, लोंबणारी नाडी, अंगात सैल सदरा. नुसती काळी आकृती काढली तरी लोक नाव घेतील. लक्ष्या अवघड. बहुतेक जण त्याचे डोळे काढून थांबतात. मला विचारशील तर लक्ष्मीकांत बेर्डे मानेत होता. बोलण्याआधी मान पुढे यायची, भुवया वर जायच्या, हात शब्दाच्या आधी निघायचे आणि मग वाक्य धावत त्यांना गाठायचं. २००४ च्या डिसेंबरात, अवघ्या पन्नाशीत तो गेला. तेव्हापासून मी त्याला अनेकदा काढला आहे आणि प्रत्येक वेळी मान जमली की बाकीचा लक्ष्या आपसूक उतरतो.

अशोकमामा याच्या अगदी उलट. अशोक सराफ थांबतात. समोरचा बोलत असताना अंग स्थिर आणि नुसते डोळे बाजूला सरकतात, की तेवढ्यावर नाट्यगृह कोसळतं. त्यांचं चित्र काढताना हालचालीच्या रेघा मारायच्याच नाहीत. एक डोळा कोपऱ्यात, ओठ मिटलेले, बस. बँकेतली नोकरी सांभाळत रंगभूमीवर उभा राहिलेला हा माणूस. महाराष्ट्र भूषण झाला, २०२५ मध्ये पद्मश्री झाला. त्यांचं चित्र आजच काढ. मानवंदनेसाठी माणूस जाण्याची वाट बघायची ही आपली फार वाईट खोड आहे. आपल्यावरचं प्रेम कागदावर उतरलेलं कलावंताला स्वतः बघता यायला हवं.

जॉनी वॉकरबद्दल एवढंच सांगतो की पडद्यावर झोकांड्या खाणारा हा बेस्टचा जुना कंडक्टर प्रत्यक्षात दारूला शिवत नसे. म्हणून त्याचा तोल जाताना काढ, पण पावलं जागेवर ठेव. सगळी कारागिरी त्या पावलांत होती.

आता ज्याच्याबद्दल मी तुला लहानपणापासून सांगत आलो, तो अमेरिकन व्यंगचित्रकार अल हर्शफेल्ड. न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या अंधारात बसून, कागद न बघता, खिशातल्या खिशात टिपणं काढणारा. घरी न्हाव्याच्या खुर्चीत बसून काम करणारा. मार्क्स बंधू, जाड्या-रड्या, चॅप्लिन, सगळे त्याच्या रेघेतून गेले. तरुणपणी तो बालीला राहिला होता. तिथल्या उन्हात रंग विटून जातात आणि रेघ तेवढी उरते, असं तो सांगायचा. १९४५ मध्ये त्याला मुलगी झाली, नीना. त्याने एका चित्रात तिचं नाव लपवलं, मग दुसऱ्यात, मग बाहीच्या चुणीत, केसांच्या बटेत, पडद्याच्या घडीत. मध्येच गंमत पुरे झाली म्हणून थांबवलं, तर वाचकांची पत्रं आली. पुढे तर सहीशेजारी आकडा घालून तो सांगायचा की आज नाव किती ठिकाणी आहे. १९९१ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्याची विनोदी नटांची तिकिटं काढली, त्यांतही त्याला नाव लपवायची मुभा दिली. २००३ च्या जानेवारीत गेला तेव्हा शंभरीला काही महिनेच कमी होते.

माझ्या चित्रांत तुझं नाव शोधायला बसू नकोस, मी तसं केलेलं नाही. ती त्याची जागा आहे. पण त्याच्याकडून एक उचल. तो नटाला टाळ्या पडतानाचा काढत नसे. काम करतानाचा काढायचा, घामातला, ऐन उडीतला.

तेव्हा जाड्या-रड्या पुन्हा काढ. दार राहू दे, दार उघडताना त्या दोघांची जी त्रेधा उडेल ती आपल्याला हवीच आहे. पंख काढून टाक, लॉरेलच्या बुटांच्या टाचाही उडव, हार्डीला आमच्याकडे बघू दे. ते झालं की भगवानदादा घे. १९५१ च्या त्या गाजलेल्या चित्रपटातली गाणी आवाज बंद करून बघ आणि फक्त गुडघ्यांकडे लक्ष दे. किती कमी वाकतात आणि तेवढ्यात अख्खं अंग कसं डोलतं. ते माझ्याकडून अजून मनासारखं उतरलेलं नाही, म्हणून तुझं बघायची घाई आहे. कच्चं रेखाटनच पाठव, शाई फिरवेपर्यंत थांबू नकोस.

तुझा,
बाबा