तांब्यावर नीट उमटलेल्या नक्षीसाठी आभार

सांगली

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

विश्रामबागेतील आपल्या डीटीपी केंद्रात लग्नपत्रिका आणि बिलबुके छापून घेणाऱ्यांची गर्दी असतानाही, शाळेच्या पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणाऱ्या सर्किटची, कागदावरून इस्त्रीने तांब्याच्या बोर्डावर उतरवायची नक्षी घेऊन आलेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेचे काम आपण आपुलकीने समजून घेतलेत, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

चकचकीत कागद लेझर प्रिंटरमध्ये घालायचा म्हटले की बहुतेक ठिकाणी नकार मिळतो, आणि तो रास्तही आहे, कारण कागद फ्युजरला, म्हणजे छपाई पक्की करणाऱ्या प्रिंटरमधील गरम भागाला, चिकटला तर नुकसान दुकानदाराचे होते. आपण इंकजेटचा फोटोपेपर बाजूला ठेवायला सांगून स्वतःजवळचा आर्ट पेपर काढलात, प्रिंटरचे मागचे झाकण उघडून कागद न वळता सरळ बाहेर पडेल अशी सोय केलीत आणि टोनर बचतीचा पर्याय बंद करून छपाई शक्य तितकी गडद ठेवलीत. टी-शर्टच्या छपाईच्या सवयीने ‘उलटे छापायचे ना?’ असेही आपण आवर्जून विचारलेत. कायकॅड या सर्किट आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचा खालचा तांब्याचा थर बोर्डातून आरपार पाहिल्यासारखा दिसत असल्याने तो आहे तसाच छापायचा असतो. पण हा प्रश्न छपाईआधी विचारणारा माणूस भेटणे हेच मोठे भाग्य.

टोनर म्हणजे मुख्यतः प्लॅस्टिकची भुकटी, ती इस्त्रीच्या उष्णतेने वितळून तांब्याला धरते, एवढे मला ठाऊक होते. पान ट्यूबलाइटसमोर धरून काळ्या पट्ट्यांतील टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके कसे शोधायचे, हे मात्र आपल्याकडून शिकले. अशा प्रत्येक ठिपक्यातून फेरिक क्लोराइड, म्हणजे उघडे तांबे विरघळवणारे द्रावण, आत शिरते आणि जेमतेम ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा थर तेथेच खाऊन टाकते. ठिपके दिसताच आपण ते पान रद्द करून दुसरे काढलेत आणि पैसे एकाच पानाचे घेतलेत.

शाळेत मुलांनी बोर्ड घासणीने लख्ख केला, इस्त्रीनंतर पाण्यात भिजवून कागदाचा लगदा अंगठ्याने हळूहळू सोडवला, तेव्हा आयसीच्या (चिपच्या) २.५४ मिलिमीटर अंतरावरील पायांमधून गेलेली बारीक रेषसुद्धा अखंड होती. बोर्ड फेरिक क्लोराइडच्या द्रावणातून काढून टोनर पुसल्यावर तीच रेष तांब्याची होऊन समोर आली. छिद्रे ०.८ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडली, आणि आता टाकी भरली की दिवा लागतो.

पुढचा बोर्ड दोन्ही बाजूंना तांबे असलेला करायचा आहे. त्यात वरचा थर उलटा छापून दोन्ही कागदांवरील छिद्रांच्या खुणा तंतोतंत जुळवाव्या लागतील. दोन्ही नक्षी एकाच पानावर, एकाच दिशेने छापल्या म्हणजे मापात फरक पडणार नाही, असे आपण आधीच सुचवून ठेवले आहे, त्याबद्दलही आभार. नक्षी तयार होताच मुलांना घेऊन आपल्याकडे येते.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका