मसल कारचा भाव: लिलावाचा आकडा म्हणजे बाजार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या जुन्या मसल कारवरचा (साध्या गाडीत मोठं, ताकदवान इंजिन बसवलेल्या, साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्यांवरचा) लेख वाचला. 1971 ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल (क्रायस्लर कंपनीची, ‘हेमी’ नावाच्या जबर ताकदीच्या इंजिनाची, छत उघडणारी गाडी) 2014 साली सिएटलच्या लिलावात 35 लाख डॉलरला गेली, ही माहिती खरी आहे. पण तेवढ्यावरून ‘या गाड्या म्हणजे सोनं, जितक्या ठेवाल तितक्या वाढतील’ असं जे म्हटलं आहे, ते वाचून गप्प बसवलं नाही. मी 1986 पासून डेट्रॉइटजवळ राहतो. सगळी नोकरी गिअरबॉक्सच्या कारखान्यात झाली आणि या बाजारात माझे स्वतःचे हात पोळले आहेत. आपल्या कितीतरी वाचकांची मुलं इकडे आहेत, चांगलं कमावतात. त्यांनी त्या लेखाच्या भरवशावर पैसे घालू नयेत, म्हणून हे पत्र.

त्या कुडाला एवढा भाव आला, कारण 1971 साली हेमी इंजिनाच्या कन्व्हर्टिबल जेमतेम डझनभर निघाल्या. आणि त्या इतक्या कमी निघाल्या, कारण तेव्हा त्या कुणाला नको होत्या. शेव्हरलेच्या 1969 च्या कमॅरो झेडएल-1 चंही तेच. नुसत्या अॅल्युमिनियम इंजिनाचे चार हजार डॉलर वर मोजावे लागत, गाडी सात हजारांच्या पुढे जाई. एकूण 69 झाल्या, त्याही खपेनात म्हणून काही डीलरने कंपनीला परत केल्या. पुढे विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते वाढवले, 1971 मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, म्हणजे त्यांची ताकद घटली, आणि 1973 च्या तेलसंकटाने उरलासुरला प्रश्न मिटवला. आज ज्यांच्यावर बोली लागते त्या गाड्या सत्तरच्या दशकात पेट्रोल पिणारी जुनी धुडं म्हणून मिळेल त्या भावात जात होत्या.

भाव चढला तो 1968 साली सोळा-सतरा वर्षांची असलेली मुलं पन्नाशीकडे आली तेव्हा. घराचं कर्ज फिटलेलं, मुलं कॉलेजातून बाहेर पडलेली, हातात पैसा. शाळेच्या वाटेवर जी गाडी नुसती बघितली होती, ती आता दारात हवी होती. जानेवारी 2006 मध्ये स्कॉट्सडेलच्या लिलावात 1970 ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल 21.6 लाख डॉलरला गेली आणि सगळीकडे वारं भरलं. माझ्याही डोक्यात ते शिरलं.

एप्रिल 2006 मध्ये मी घरावर कर्ज काढून 1970 ची शेव्हेल एसएस 396 (शेव्हरलेच्या शेव्हेल गाडीचा ताकदवान प्रकार) घेतली. 54 हजार डॉलर. (नावात इंजिनाच्या आकाराचा 396 हा आकडा असला तरी त्या वर्षीचं ते इंजिन प्रत्यक्षात 402 घन इंचांचं होतं.) लाल रंग, बॉनेटवर दोन काळे पट्टे, विकणाऱ्याने दिलेली कागदांची फाइल. 2009 साली नोकऱ्या जाऊ लागल्या, तेव्हा ती विकायला काढली. तपासायला आलेल्या माणसाने इंजिनकडे बघितलंसुद्धा नाही. जमिनीवर पुठ्ठा टाकून तो थेट मागच्या अॅक्सलखाली सरकला आणि टॉर्चच्या उजेडात डिफरन्शिअलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) कव्हरचे बोल्ट मोजले. दहा. मग मला खाली बोलावून मलाही मोजायला लावले. त्या वर्षीच्या खऱ्या एसएसला बारा असतात. त्यानंतर त्याने इंजिनच्या पुढच्या बाजूची नंबर ठोकलेली पट्टी दाखवली. तिथे कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्या होत्या. जागा घासून काचेसारखी गुळगुळीत केलेली होती आणि नंबर त्यावर नव्याने ठोकलेला. माझी गाडी साधी मालिबू, म्हणजे शेव्हेलचाच स्वस्त प्रकार होती. खोट्याचं खरं भासवायला लागणारे बिल्ले, पट्टे, गोल मीटरचा डॅशबोर्ड, सगळं नवं तयार मिळतं. त्या काळच्या क्रायस्लरच्या गाडीच्या चॅसी नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं, हेमीला तिथे ‘आर’ असतो. शेव्हेलचा 1970 चा नंबर इंजिन व्ही-8 (आठ सिलिंडरचं) आहे एवढंच सांगतो, कोणतं ते नाही. म्हणून शेव्हेलच्या नकला इतक्या आहेत आणि म्हणून मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेल्या, गाडीत काय काय बसवलं ते लिहिलेल्या कारखान्याच्या मूळ कागदाला इतका मान आहे.

गाडी 23 हजारांना गेली. खरी असती तरी तेव्हा तिचे 54 आले नसते, कारण माझ्यासारख्याच कर्जाच्या पैशांवर चढलेला सगळा बाजार 2008 नंतर खाली आला होता. ज्यांच्या गाड्या अस्सल होत्या आणि ज्यांना विकायची घाई नव्हती, ते तरले.

त्यानंतर भाव पुन्हा सावरले, कोविडच्या काळात उसळले आणि व्याजदर वाढल्यावर पुन्हा मंदावले. पण या वेळचा उतार मला वेगळा वाटतो. ज्यांच्या आठवणींवर हे भाव उभे होते ते गृहस्थ आता ऐंशीकडे झुकले आहेत, गॅरेज रिकामी करताहेत. माझ्या मुलाच्या वयाची मंडळी टोयोटा सुप्रा आणि निस्सान स्कायलाइनच्या मागे आहेत. 25 वर्षं पूर्ण झालेली परदेशी गाडी इथे आणता येते, त्यामुळे दरवर्षी त्यांच्यासाठी नवा माल कायदेशीर होतो. मोजक्याच बनलेल्या, कागदपत्रं पक्की असलेल्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळेल. पण पाँटिअॅकने एकट्या 1966 साली जवळपास 97 हजार जीटीओ (त्या कंपनीची मसल कार) विकल्या. त्यातली साधी, इंजिन बदललेली गाडी दुर्मीळ कशी म्हणायची?

आणखी एक. 2021 साली इंडियानापोलिसला 1971 च्याच हेमी कुडा कन्व्हर्टिबलवर बोली 48 लाख डॉलरपर्यंत गेली, पण गाडी विकली गेली नाही. असे आकडेही विक्रीचे म्हणून फिरत राहतात. विक्री झालीच तर एका बातमीत हातोड्याचा भाव (नुसती शेवटची बोली) असतो, दुसरीत खरेदीदाराचं कमिशन धरून.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी असा आकडा छापाल तेव्हा गाडी खरोखर विकली गेली का ते लिहावं, आणि त्याच वर्षीच्या, त्याच मॉडेलच्या साध्या व्ही-8 गाडीचा भाव शेजारच्या ओळीत द्यावा.

आपला,
एक निवृत्त अभियंता,
ट्रॉय, मिशिगन