चिऊच्या गाण्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

चिऊच्या अंगात गाणं आहे हे तुमचं म्हणणं खरं आहे. नवव्या वर्षी एकदा ऐकलेली चाल सुरात म्हणून दाखवणं सोपं नाही. पण घोळ इथेच होतो. कान तयार, त्यामुळे चाल लगेच उचलते. मग पलटे (सरावाचे ठरावीक स्वरांचे तुकडे) घोटायचा कंटाळा येतो. सगळे वा वा करतात, आणि रोज नेमाने बसणारी साधी मुलगी तानेत पुढे निघून जाते. तेव्हा हा कान नवी गाणी गोळा करण्यापेक्षा स्वतःचं गाणं तपासण्यात लागला पाहिजे.

आधी पट्टी बघा, म्हणजे तिचा सा कुठे धरायचा ते. पेटीच्या काळी पाचपासून (सप्तकातली पाचवी काळी पट्टी) सुरुवात करा. मंद्र (खालच्या सप्तकातला) धैवत घुसमटला तर पट्टी चढवा, तार (वरच्या सप्तकातल्या) गंधाराला मान ताणली गेली तर उतरवा. कराओके लावून मूळ पट्टीत ओरडणं मात्र बंद.

सकाळी वीस मिनिटं पुरेत. पहिली पाच नुसता सा, आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत. आवाज थरथरायच्या आत सोडायचा. मग भूप रागाचे पलटे: सारेग, रेगप, गपध, पधसां. उतरताना सांधप, धपग, पगरे, गरेसा. मिनिटाला साठ मात्रांची लय, मात्रेला एक स्वर, मग दोन, मग चार. चारवर गेलं की पधसां म्हणताना मधे भूपात नसलेला निषाद (नी) डोकावतो, फार ऐकलेल्या गाण्यांची सवय ती. दिसला की परत दोनवर यायचं. धैवतावर उगाच रेंगाळू देऊ नका. स्वर तेच असले तरी मग भूप देशकार रागाकडे झुकतो.

बाबा, तुम्ही पेटीवर सोबत करता ती थांबवा. पेटी वाजत असली की चिऊ पेटीला टेकून गाते आणि बेसूर झाकला जातो. शिवाय पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा चढा असतो, साधारण १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. तिच्या कानाला तो फरक कळेल. (ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटी बंद केली त्यामागे अशीच तक्रार होती. आपण इतकं टोकाला जायला नको.) पलटा संपल्यावर एकदा सा वाजवून ताडून बघा, बस्स.

आई, तू सोळा मात्रांचा तीनताल धर. टाळी १, ५, १३ ला, खाली (टाळी न वाजवता हात उघडायची मात्रा) ९ ला. चुकली तरी हात थांबवू नकोस; पुढची सम (पहिली मात्रा) तिने शोधायची.

गाण्याच्या पहिल्या, प्रारंभिकच्या परीक्षेची घाई नको. पंधरा दिवसांनी एक पलटा रेकॉर्ड करा आणि कुठे उतरली ते तिलाच सांगू दे. तुम्ही आधी बोलू नका, बाबा, हे तुम्हालाच सांगतोय.

तानपुऱ्याचं अ‍ॅप चालेल, पण छोटा स्पीकर जोडून. फोनच्या स्पीकरमधून खरजाची (खालच्या सा ची) तार नीट ऐकूच येत नाही, आणि गंधार सापडतो तो त्या तारेतच.

तुमचा,
बाळू