मतपत्रिकेचा तळ

प्रिय सई,

तू स्कूल बोर्डाच्या, म्हणजे गावातल्या शाळांच्या मंडळाच्या, निवडणुकीला उभी राहतेस म्हणालीस, त्यावर रविवारी फोनवर मी जे बोललो ते आईने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. "स्कूल बोर्ड? चार वर्षं जवळजवळ फुकटची हमाली, आणि वर पालकांच्या शिव्या," असं मी म्हणालो. तू नुसतं "बरं बाबा" म्हणून फोन ठेवलास. तुझं "बरं बाबा" मी चांगलं ओळखतो. पाचवीत गणिताची शिकवणी लावतो म्हणालो होतो तेव्हाही हेच म्हणाली होतीस.

आता एक कबुली. अमेरिकेचा नागरिक झाल्यापासून दर निवडणुकीत मी मतपत्रिका डायनिंग टेबलावर पसरतो. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, गव्हर्नर इथपर्यंतचे गोळे ऐटीत काळे करतो. मग खाली सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश येतात, स्कूल बोर्ड येतं, पाणीवाल्यांचं मंडळ येतं. तोवर माझा चहा निवलेला असतो. ते गोळे कोरेच ठेवून पाकीट चिकटवतो. न्यायाधीश मतं मागतो हे माझ्या सांगलीच्या डोक्याला कधी पचलंच नाही. आपल्याकडे तो परीक्षा देऊन येतो, उमेदवारी अर्ज भरून नव्हे.

गेल्या मार्चमध्ये आम्ही दोघं कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीतून आलो, आठवतं? एल सेंट्रोहून ब्रॉलीकडे जाताना साखर कारखाना लागतो. (बीटाची साखर, उसाची नव्हे. तरी मी गाडी थांबवलीच.) त्याच्या उंच कोठीवर, मान वर करून बघावं लागेल इतक्या वर, 'सी लेव्हल' असं रंगवलेलं आहे. म्हणजे आपण उभे आहोत ते समुद्राच्या पातळीच्याही खाली. त्याच वाळवंटी खोऱ्यात पुढे वेस्टमोरलँड नावाचं एवढंसं गाव आहे. फोन ठेवल्यावर मला ते गाव आठवलं, आणि तिथला दलीपसिंग सौंद.

अमृतसरजवळच्या छज्जलवड्डीचा हा माणूस 1920 साली बर्कलीला आला. फळं-भाज्या टिकवण्याचं शास्त्र शिकून परत जायचं ठरलं होतं. झालं काय, तर 1924 साली गणितात पीएच.डी. झाला आणि पुढच्या वर्षी या खोऱ्यात कापूसवेचणीच्या टोळीवर मुकादम म्हणून लागला. गणिताचा डॉक्टर, कापसाच्या शेतात! कारण 1923 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी माणसाच्या खटल्यात सांगून टाकलं होतं की हिंदी माणूस कायद्याने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. नागरिक होऊ शकत नाही म्हणून कॅलिफोर्नियात जमीन घेता येत नाही. त्या थिंदचा वकील कोण, तर सखाराम गणेश पंडित. पुढे सरकार त्यांचंही नागरिकत्व काढायला निघालं, तेव्हा ते स्वतःसाठी लढले आणि 1926 साली जिंकले. त्यांच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

सौंदने शेती केली, मंदीत बुडाला, पण दिवाळखोरी जाहीर केली नाही. कर्ज फेडत राहिला. हिंदी लोकांना नागरिकत्व मिळावं म्हणून भाषणं देत हिंडला. 1946 साली तो कायदा झाला, आणि डिसेंबर 1949 मध्ये सौंद नागरिक झाला. देशात पाऊल ठेवल्याला एकोणतीस वर्षं झाली होती.

आणि लगेच, 1950 साली, हा गडी उभा राहिला कशाला? गावच्या न्यायाधीशपदाला. किरकोळ फौजदारी, छोटे दिवाणी दावे, एवढाच त्या कोर्टाचा जीव. तेव्हा वकिलीची पदवीही लागत नसे. (1974 साली कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने हे बंद केलं: तुरुंगात पाठवू शकणारा न्यायाधीश कायदा शिकलेला हवा.) सौंद निवडून आला. पण निवडणुकीच्या दिवशी नागरिक होऊन एक वर्षही पुरं झालेलं नव्हतं, म्हणून ती निवड रद्द झाली. थोड्याच दिवसांचा फरक गं! माझं असं झालं असतं तर मी पुढची दहा वर्षं प्रत्येक पाहुण्याला तीच कथा ऐकवली असती. त्याने 1952 ला पुन्हा अर्ज भरला.

त्या प्रचारातली एक गोष्ट त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. गावातल्या हॉटेलात एकाने सगळ्यांदेखत विचारलं, तू निवडून आलास तर तुझ्या कोर्टात यायला आम्हाला पगड्या तू देणार, की आम्हीच विकत आणायच्या? सौंदने शांतपणे सांगितलं, माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणंघेणं नाही, डोक्यात काय आहे तेवढं बघतो. तो निवडून आला आणि मग सगळं खोरं त्याला 'जज' म्हणू लागलं.

पुढचं तुला माहीत असेल: 1956 साली अमेरिकन काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, निवडणूक, समोर जॅकलिन कॉक्रन, आवाजापेक्षा वेगाने विमान उडवणारी पहिली बाई, पैसा आणि ओळखी सगळं तिच्याकडे. सौंद जिंकला, अमेरिकन काँग्रेसमध्ये मताचा हक्क घेऊन बसलेला पहिला आशियाई. लोक त्याला त्यासाठी ओळखतात. मला मात्र 1950 ते 1952 मधला सौंद जास्त आवडतो. जिंकलेली खुर्ची हातची गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात, त्याच लोकांत परत शेतीला लागायचं. त्यातल्या काहींनी मतं दिली होती, काहींनी नव्हती. राहायचं दोघांच्याही शेजारी.

तुझ्या बोर्डावर काय असतं ते काल रात्री बसून वाचलं. शाळांचं बजेट, सुपरिंटेंडंटची (सगळ्या शाळांच्या मुख्य अधिकाऱ्याची) नेमणूक, कुठली गल्ली कुठल्या शाळेत जाणार त्याच्या रेषा. बैठकीत कुणीही येऊन माइकवर तुला चार शब्द सुनावू शकतो. ही हमाली आहे हे माझं म्हणणं कायम आहे. पण माझा नातू ज्या वर्गात बसतो त्याची ही हमाली, आणि मी वीस वर्षं तो गोळा कोरा ठेवत आलो.

सौंदच्या प्रचारात बायको-मुलं दारोदार हिंडली होती. आईने तिचे चालायचे बूट कालच दाराशी काढून ठेवलेत. शनिवारी सकाळी आठला पोचतो. पत्रकं जास्तीची छापून ठेव आणि गल्ल्या वाटून घेऊ. कुत्री असलेली घरं तुझी.

बाबा